उजवा कौल आणि काळा पडलेला मोहर

माईंस नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली, वय 39. माझे यजमान दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात गेले. हार्ट अटॅक, बागेतच. घरात सासूबाई, नववीतली मुलगी आणि मी. हापूसची 90 कलमं आहेत, 30 घराभोवती आणि बाकीची सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर. वाशीच्या दलालाची उचल आहे, म्हणजे आंब्यावर आगाऊ घेतलेले पैसे, तो तोंडी 1,80,000 रुपये सांगतो. सहकारी सोसायटीचं कर्ज वेगळं. यजमानांच्या वह्या आणि कागद एका पिशवीत आहेत. ती पिशवी मी अजून उघडलेली नाही, धीर होत नाही.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर ग्रामदेवतेला कौल लावला. दिरांनी गाऱ्हाणं घातलं, बाग धरूची की सोडूची. कौल स्वच्छ उजवा झाला, म्हणजे देवाचा होकार. मी बाग धरली. बांगड्या गहाण ठेवून फवारण्या केल्या. मोहर असा आला होता की रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. जानेवारीत अवकाळी पाऊस पडला, मागोमाग फुलकिडे आले, मोहर काळा पडला. 40 पेट्याही भरल्या नाहीत. उरलंसुरलं कॅनिंगला गेलं.

आता दीर म्हणतात, सगळी बाग मला कराराने दे, वर्षाला 90,000 देतो. भाऊ म्हणतो, नालासोपाऱ्याला ये, काहीतरी काम बघू. दलाल म्हणतो, नवीन उचल घ्या, जुनं त्यात वळतं करू. सासूबाई म्हणतात, देवावर भरवसा ठेव, परत कौल लाव. मला बाग सोडायची नाही. पण गेल्या वर्षी देवानेच उजवा दिला होता ना? मग असं का झालं? देवावर भरवसा ठेवून पाऊल टाकायचं म्हणजे नक्की काय करायचं? मी तर एकदा टाकलं होतं.

मुलगी परवा म्हणाली, ‘आई, यंदा पण कौल लावणार?’ त्यात टोमणा होता की भीती, मला कळलं नाही.

— एक बागायतदार, देवगड तालुका

*

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी धाकटी बहीणसुद्धा तुझ्यापेक्षा मोठी आहे.

कौलाचं नंतर बोलू. आधी त्या पिशवीचं. सगळ्या पत्रात मला तीच दिसत राहिली.

माझ्या वडिलांचं मालवणात किराणा मालाचं दुकान होतं. माणूस खरा देवभक्त. पहाटे आंघोळ करून देवघरात तासभर बसायचे, उधारी मागायला गेले तरी समोरच्याची परिस्थिती बघून तसेच परत यायचे. दुकान खाली चाललंय हे आम्हा पोरांनाही कळत होतं. आईने विषय काढला की वडील बोट वर करून म्हणत, ‘बघता तो.’ ते गेल्यावर तेराव्याच्या आधी देवघर आवरायला घेतलं. गणपतीची तसबीर पुसायला खाली काढली, तर मागून लिफाफे पडले. 11 लिफाफे, सगळे बँकेचे, एकही फोडलेला नाही. मी तेव्हा नुकतीच दुसऱ्या एका बँकेत क्लार्क लागले होते आणि रोज असलीच पत्रं टाइप करत होते. बसून एकेक फोडलं. सातव्या पत्रात बँकेने हप्ते पाडून द्यायची तयारी दाखवली होती, तीन महिन्यांच्या आत येऊन सही करा म्हणून. ती मुदत संपून दोन वर्षं झाली होती. दुकान गेलं.

वडिलांची भक्ती खोटी होती असं मी कधीच म्हटलं नाही. पण ते लिफाफे देवाने वाचावेत अशी त्यांची अपेक्षा होती की काय कोण जाणे. देवाला आकडा माहीत असणारच. ज्याला माहीत नव्हता त्याने तो बघायला हवा होता.

तुझी पिशवी म्हणजे तेच लिफाफे, फक्त तुझ्याकडे कारण जास्त खरं आहे. त्यात नवऱ्याचं अक्षर आहे. उघडली की तो पुन्हा एकदा जाणार, ही भीती मला कळते. पण तू विचारतेस की भरवसा ठेवून पाऊल टाकायचं म्हणजे काय, आणि ते पाऊल तुझ्या घरात, खुंटीला टांगलेलं किंवा कपाटावर ठेवलेलं आहे. सध्या पितृपक्ष चालू आहे, या दिवसांत नवीन काही करू नये म्हणतात. पिशवीतलं सगळं जुनंच आहे.

आता कौल.

घाटावरच्या वाचकांसाठी दोन ओळी. आमच्याकडे कोकणात मोठा निर्णय घ्यायचा झाला की देवाला विचारतात. गुरव मूर्तीच्या अंगावर ओले तांदूळ किंवा कळ्या लावतो, कोणीतरी गाऱ्हाणं घालतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मग सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. गावागणिक रीत थोडी वेगळी, पण गाभा हाच.

गाऱ्हाण्यातले शब्द तूच लिहिलेस: बाग धरूची की सोडूची. देवाने सांगितलं, धर. कलमं लगडतील का, पाऊस पडेल का, वाशीला भाव मिळेल का, यातलं काहीही कोणी विचारलं नव्हतं. होकार वाटेला होता, तू तो पेट्यांना मिळाला असं धरून घरी आलीस. आपण सगळेच तसे येतो.

शब्दांचे खेळ करून ही बाई देवाला सोडवतेय, असं तुला वाटेल. वाटू दे. तांदळाचा दाणा ओल सुकल्यामुळे पडतो की देवाच्या मनामुळे, यावर या वयात मी वाद घालत नाही. पण कौल लावणाऱ्या माणसाबद्दल मला थोडं कळतं, कारण मीही एकदा लावला होता. बढती घेऊन रत्नागिरीला जायचं की नाही, हा प्रश्न होता. मुलं लहान, नवरा तयार नाही. पहिला कौल डावा. मी गुरवाला म्हटलं, परत लावा, नीट चिकटलं नव्हतं. दुसराही डावा. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हातारा गुरव माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बाय, तुका जावचाच असा, मगे देवाक कित्याक तरास देतस?’ मी गेले. बरं झालं ते माझं मी निस्तरलं, वाईट झालं तेही. देवाचा यात हात होता का? होता असं मला वाटतं, पण तो त्या गुरवाच्या तोंडून बोलला, तांदळातून नाही.

तुलाही बाग सोडायची नाही. हे तू पत्रात एका छोट्या वाक्यात लिहून पुढे गेलीस, जणू ते महत्त्वाचं नाही.

आचऱ्याची गावपळण तू ऐकली असशील, कदाचित पाहिलीही असशील. माझी आत्या आचऱ्याला दिलेली. दर चार वर्षांनी वगैरे रामेश्वराला कौल लावतात, आणि कौल झाला की सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गाव ओस. चौथ्या दिवशी परत यायचं का, हेही देवालाच विचारायचं. नाही म्हणाला तर मुक्काम वाढला. शहरातले लोक कौतुकाने बघायला येतात आणि श्रद्धेवर लेख लिहितात. मी नऊ वर्षांची असताना आत्याबरोबर गेले होते, आणि माझ्या लक्षात राहिली आहे ती आत्याची तयारी. आधीचे आठ दिवस ती दुसरं काही बोलत नव्हती. तांदूळ किती, कुळीथ किती, सुकी मासळी कुठल्या डब्यात, लाकडं सुकी आहेत ना, कंदिलाला रॉकेल आहे ना. काकांनी झापांची राहुटी कुठे उभी करायची, याची जागा आधीच बघून ठेवली होती, पाण्याजवळ पण उतारावर नाही. कोंबड्यांच्या पायाला दोऱ्या बांधून त्यांना दुरडीत घातलं. एक कोंबडी सुटली आणि तिच्यामागे सगळं घर धावलं. देवाने जा म्हटलं म्हणून आत्या निघाली हे खरं. पण राहुटी देव बांधणार, असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि घर तीन दिवस उघड्या आभाळाखाली सोडताना तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं. आता वाटतं, तांदूळ मोजून झाले होते ना, म्हणून.

मग असं का झालं, या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. जानेवारीतल्या पावसाचं कारण हवामान खातं सांगेल, नवऱ्याच्या हृदयाचं डॉक्टर सांगेल, आणि ती दोन्ही उत्तरं ऐकून तुझं समाधान होणार नाही, कारण तू ते विचारत नाहीयेस. एक मात्र सांगते. कोणी कर्म, मागचा जन्म, घराण्याचा दोष असलं काही काढलं तर चहा पाजून वाटेला लाव. आणि देवावर रागवायचं असेल तर रागव. आपल्याकडे त्याची लाज नाही. जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या आहेत, नामदेव तर त्याच्याशी भांडत बसायचा. भांडण ज्याच्याशी होतं त्याच्याशी नातं असतं. तू देवळात जाऊन उभी राहा आणि मालवणीत काय सुनवायचं ते सुनव. गाऱ्हाणं या शब्दाचा अर्थच तक्रार आहे.

आता माझ्या नोकरीतलं काही उपयोगी पडतं का बघू. 34 वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्जखात्यावर.

पिशवीतून नवऱ्याचं बँकेचं पासबुक काढ. तो गेला त्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस, किंवा जूनच्या सुरुवातीला, 436 रुपये कापलेले दिसतात का बघ. पूर्वी हा आकडा 330 होता. दिसले तर ती पंतप्रधान जीवन ज्योती विम्याची वर्गणी आहे आणि त्याचे 2,00,000 रुपये वारसाला मिळतात. जन-धन खातं काढताना किंवा कर्जाच्या कागदांबरोबर कितीतरी लोकांच्या सह्या यावर घेतल्या गेल्या आहेत, घरी कोणाला पत्ता नसतो. दोन वर्षं झाली, उशीर झाला आहे, मिळेलच असं सांगत नाही. पण मृत्यूचा दाखला आणि पासबुक घेऊन शाखेत जाऊन लेखी अर्ज दे. नाही म्हणाले तर लेखी नाही म्हणू दे. मी कितीतरी बायकांना काउंटरवर तोंडी ‘नाही’ ऐकून परत जाताना पाहिलं आहे.

दलालाचा आकडा तोंडी आहे, म्हणजे तो आकडाच नाही. त्याच्याकडून खात्याचा उतारा मागव: उचल कोणत्या तारखेला किती दिली, पेट्या किती गेल्या, कोणत्या भावाने, काय कापलं. नवऱ्याच्या पिशवीत पट्ट्या, म्हणजे दलालाच्या विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, असतील, त्या समोर ठेवून ताडून बघ. फळांची आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असा महाराष्ट्रात 2016 पासून नियम आहे. पट्टीवर आडत या नावाखाली काही कापलेलं दिसलं तर त्याखाली रेघ मार. भांडायला जाऊ नकोस, फक्त विचार. उचल दिलेला माणूस शत्रू नसतो. त्याचे पैसे खरे असतील तर ते द्यायचेच आहेत. पण नवऱ्याचं कर्ज, मग ते दलालाचं असो की सोसायटीचं, वारसांनी फेडायचं ते त्याच्यामागे राहिलेल्या मालमत्तेच्या मर्यादेत. तुझी स्वतःची कमाई आणि तुझ्या बांगड्या त्यात येत नाहीत. आणि नवीन उचल घेऊन जुनी वळती करणं म्हणजे पुढच्या हंगामाचा आंबा आजच त्याच्या हवाली करणं, त्याच्या भावाने. ते करू नकोस.

सात-बारावर वारस नोंद झाली आहे का? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे बहुतेक नाही. उद्या तलाठ्याकडे जा. नवरा मृत्युपत्र न करता गेला असेल तर त्याच्या वाट्याचे तीन सारखे भाग होतात: तू, मुलगी आणि सासूबाई. दीर त्यात नाहीत. जमीन अजून सामाईक असेल तर आधी नवऱ्याचा हिस्सा कुठला ते बघावं लागेल. कोकणात एकेका सात-बारावर निम्मं गाव असतं, ते मला ठाऊक आहे. पण नाव लागल्याशिवाय तुला पीककर्ज मिळायला अडचण येणार आणि फळपीक विमाही तुझ्या नावाने उतरवता येणार नाही. अवकाळी पाऊस हा त्या विम्यातला आंब्यासाठीचा एक ठरलेला धोका आहे. तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावरच्या नोंदीवरून भरपाई ठरते. आंब्याची मुदत साधारण नोव्हेंबरअखेर संपते. तारीख कृषी सहायकाकडून पक्की करून घे. गेल्या वर्षी विमा होता का, हे मला तुला विचारायचं आहे, पण उत्तर काय असेल याची कल्पना आहे.

दिरांबद्दल जपून लिहिते. ते वाईट आहेत असं मला पत्रातून वाटत नाही, गाऱ्हाणं त्यांनीच घातलं होतं. पण ज्याने बाग धरायचा कौल मागितला तोच आता सगळी बाग मागतो आहे, म्हणजे बागेत काही उरलेलं नाही असं त्यालाही वाटत नसणार. 90 कलमांना 90,000, म्हणजे कलमाला हजार. शेजारच्या दोन गावांत करार कसे होतात ते विचारून घे. मग मी तुझ्या जागी असते तर सड्यावरची 60 कलमं कराराने दिली असती, दिरांनाच, एका वर्षासाठी, लेखी, आणि पैसे दिवाळीच्या आत. करारात एक ओळ अशी की कल्टार, म्हणजे झाडाला मोहर आणायला घालतात ते औषध, किती घालायचं ते मालक ठरवणार. करारदाराला एका वर्षाचं पीक दिसतं, झाडाचं वय दिसत नाही. कल्टारचा मारा करून खंगवलेली कलमं तू माझ्यापेक्षा जास्त पाहिली असशील. दीर असले तरी ही ओळ हवी. दीर असल्यामुळे जास्तच हवी, कारण नंतर बोलता येत नाही.

घराभोवतीची 30 तू ठेव. एवढ्यांची बेणणी (तण काढणं), फवारणी, राखण तुला झेपेल, आणि वानरांना हाकायला सासूबाईंचा आवाज पुरेल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मोहराच्या फवारण्यांचं वेळापत्रक कृषी सहायकाकडे मिळतं. गावातल्या औषधविक्याने सांगितलेल्या दहा बाटल्यांपेक्षा ते स्वस्त पडतं. हापूस एका वर्षाआड धरतो, गेल्या वर्षी भरभरून मोहर काढलेली झाडं यंदा आळस करू शकतात, तो धक्का आत्ताच पचवून ठेव.

भावाला नाही म्हणू नकोस, त्याला वेगळं काम दे. नालासोपाऱ्यात चाकरमान्यांची किती घरं आहेत, त्याला माहीत असेल. मार्चमध्ये तू 20 पेट्या पाठव, आढीत (गवतात रचून) घालून नीट पिकवायच्या सूचना कागदावर लिहून. त्याने त्या दारोदार खपवाव्यात. जमलं तर पुढे आणखी. नाव सात-बारावर लागलं की भौगोलिक मानांकनासाठीही (जीआय) तुला नोंदणी करता येईल. 2018 पासून कोकणच्या हापूसला ते आहे. दलालाला पेट्या बंद कर असं मी म्हणत नाही. दारं दोन असू देत एवढंच.

मुंबईला जाण्यात कमीपणा आहे असंही समजू नकोस. जी बाई मुलगी घेऊन परक्या ठिकाणी जाते तिचा देवावरचा भरवसा काही थोडा नसतो. पण नववीच्या मधोमध पोरीची शाळा मोडून, काम हातात नसताना, कर्ज मागे तसंच ठेवून जाऊ नको. एक हंगाम बघ. जूनमध्ये सगळे आकडे समोर असताना ठरव.

बांगड्या. गहाणाचं नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे ते आजच बघ. सोनं लिलावात जातं ते बहुतेक वेळा व्याज भरायची तारीख चुकल्यामुळे. कराराचे पैसे आले की पहिल्यांदा ते व्याज. मग पोरीच्या दहावीचे पैसे वेगळ्या खात्यात, ज्याला तूही हात लावायचा नाही. मग फवारणी.

हा क्रम मी का लावला ते सांगते. दुष्काळात दिवाळं निघालेल्या तुकोबांनी लोकांकडून येणं असलेली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट कीर्तनात शंभरदा ऐकली असशील. बुडवण्याआधी त्यांनी निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला, वाटून दिली, हे कीर्तनकार घाईत सांगून जातात. मला गोष्टीतलं तेवढंच आवडतं. स्वतःच्या हिश्शाचं काय करायचं ते करा, नदीत टाका नाहीतर आभाळात उडवा, पण भावाच्या हिश्शाला तुमच्या विठ्ठलावरच्या भरवशाचा भुर्दंड नको. आता तुकोबांनी आवलीला विचारलं होतं का, तिच्या वाट्याचं काही काढून ठेवलं होतं का, हा माझा जुना प्रश्न आहे आणि देहूला गेले की दरवेळी पडतो. घर तीच चालवत होती. गेल्या वर्षी तू पाऊल टाकलंस ते तुझ्या बांगड्यांवर टाकलंस, ते ठीक. पोरीच्या शिकण्यावर मात्र टाकू नकोस. ती कान्होबाची निम्मी खतं आहेत.

तिचा प्रश्न टोमणा होता की भीती, ते तिलाच विचार. 14 वर्षांची मुलगी सांगेल. मला वाटतं भीती होती, कारण बाप बागेत गेला आणि आई बागेवरच सगळं लावतेय, हे तिने दोन वर्षं बघितलं आहे, आणि तिला कोणी काही विचारलेलं नाही. देवालाही तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही, गाऱ्हाण्यात बाग होती.

यंदा कौल लावायचा असला तर लाव, सासूबाईंचं मन राहील आणि तुझंही. फक्त आकडे हातात आल्यावर, आधी नको. गाऱ्हाणं दिरांनी नको, तू घाल. गावच्या मानापानात ते बसत नसेल तर कौल होऊ दे त्यांच्या रीतीने, आणि तू पायरीवर उभी राहून तुझ्या शब्दांत बोल, शेजारी पोरीला घेऊन. पिकाचं मागायचं असेल तर मागूनही घे, त्यात काय लाजायचं. डावा झाला तर घरी येऊन मला शिव्या घालणारं पत्र लिही.

पण आधी पिशवी. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की ओटीवर घोंगडी पसर आणि सगळं त्यावर ओत. वह्या एका बाजूला, पट्ट्या एका बाजूला, बँकेचं आणि सोसायटीचं वेगळं. नवऱ्याने मध्येच काही बागेबद्दल, पावसाबद्दल लिहून ठेवलेलं असेल, ते वाचायला थांबलीस तरी चालेल, घाई नाही. मग पट्ट्या तारखेप्रमाणे लाव. शाळा सुटून मुलगी आली की बेरीज तिला करायला सांग. दलालाचा आकडा 1,80,000 आहे. तिचा किती येतो ते मला कळव.